उतरू का?

या, असे जवळ येऊन बसा. टाळ मांडीवर ठेवा, खोकला काढायचा असेल तो आत्ताच काढून घ्या. बुवांचं कीर्तन झालं, बुक्का लावून झाला, प्रसादाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एक आख्यान सांगतो. यात राजा नाही, राक्षस नाही, शेवटी कुणाला न्यायला विमानही उतरत नाही. आपल्याच मुलखातलं आहे, मुकुटबनच्या पलीकडच्या धामणकुंडातलं. गोड मात्र नाही. घोटभर पाणी जवळ असू द्या.

धामणकुंडात पोळ्याची एक रीत होती. तोरणाखालून पहिला बैल जायचा तो उरकुड्यांचा. आता हा मान गावोगाव कुणा ना कुणाचा असतोच. पण इथं उरकुड्यांचा बैल तोरणाकडे जायच्या आधी गावाच्या टोकाला, जुन्या विहिरीपाशी, खातूनबीच्या दारात थांबायचा. घरचा कर्ता पुरुष फेटा सावरून विचारायचा, "बी, उतरू का?"

खातूनबी ओट्यावरून म्हणायची, "उतरा पाव्हणे, पाणी गोड हाये."

मग तो म्हणायचा, "मंग सावली तुमची."

एवढं झालं की बी बैलाच्या खुरांवर तांब्यातलं पाणी घालायची आणि वरात पुढे जायची. काहून म्हणून कुणी विचारत नसे. जुनी गंमत आहे, चालू द्या, असं गावाचं म्हणणं. बैलालाही सवय झाली होती. हरण्या नावाचा उरकुड्यांचा पांढरा बैल त्या दारात आपणहून थांबायचा, आणि बीच्या तोंडून 'उतरा' आल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

खातूनबी म्हणजे मेहबूब पिंजाऱ्याची विधवा. पिंजारी म्हणजे धनुकलीनं कापूस पिंजून गाद्या भरणारे. धामणकुंडातल्या जुन्या घरांत नव्या नवरीची गादी मेहबूबभाईंनीच भरलेली असायची. ते गेले, त्यांच्या आधी दोन पोरी लहानपणीच गेल्या, मुलगा नि सून गेली. राहिला एक नातू, तारिक. त्याचं मुकुटबनला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. बी एकटी विहिरीजवळ राहायची. दारासमोर उरकुड्यांचं वावर, वावराच्या बांधावर मोहाचं झाड, आणि मोहाखाली पिंजाऱ्यांच्या कबरी. मातीचे उंचवटे, डोक्याशी एकेक दगड, बस. बी रोज सकाळी तिथला पालापाचोळा झाडायची. मेहबूबभाईच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा होती. तिथं ती झाडू जरा जास्त वेळ फिरवायची.

"आपली खोली आपणच झाडावं लागते," म्हणायची, आणि बोळकं तोंड उघडून हसायची.

आता बबनराव उरकुडे. माजी सरपंच, देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस कीर्तनाचा मोठा लोभी. बुवांनी आळवणी सुरू केली की मांडवात सगळ्यांत आधी डोळे पुसणार ते बबनराव. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी देवासमोर बसून सांगतो. कळंबच्या चिंतामणीला अनवाणी जाणारा माणूस. पण त्याला एक हौस लागली: आपल्या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा, कान्होबा उरकुड्यानं जंगल तोडून हे गाव वसवलं असं कमानीवर कोरायचं, आणि त्याची समाधी बांधायची. मुलगी प्रेरणा नागपूरला इतिहास शिकवते. तिला त्यांनी सांगितलं, "बेटा, तू आपली मुळं खणून काढ."

पोरीनं मन लावून खणली. सुट्टी पडली की गावात. म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी बसायची, जात्यावरच्या ओव्या ऐकायची. खातूनबीपाशीही बसली.

"बीआजी, तुम्ही आम्हाला पाव्हणे कायले म्हणता?"

"अवं, सासू म्हणे, म्हणून मी म्हणतो. तिची सासू म्हणे. तुमचा बुढा बायकोलेकरं घेऊन आलता, बैल जीभ काढून राह्यलते. इहीर आमच्या बुढ्याची. त्यानं इचारलं, उतरू का? बुढा म्हणे, उतरा. मंग तुमच्या बुढ्यानं सांगतलं, वावर मी वाहीन, पण या मोहाची सावली जलमभर तुमची. जितं असेस्तोवर बसा, मेल्यावर निजा."

"आणि दर पोळ्याला विचारता ते?"

"इसरू नये म्हणून बेटा. माणूस पाणी पेला की इहीर इसरते."

प्रेरणाला हे इतकं आवडलं की तिचे डोळे भरून आले. बापाला सांगायची घाई तिनं केली नाही. खात्री करायची म्हणून तिनं उरकुड्यांचा भाट शोधला. भाट म्हणजे घराण्यांची कुळं तोंडपाठ म्हणणारे लोक. आता फार उरले नाहीत. फुलचंद भाट नावाचा म्हातारा तिला फुलसावंगीकडे सापडला. बबनरावांना तर हर्षच झाला. माघातल्या सप्ताहात, भर मांडवात, कीर्तन संपल्यावर भाटानं उरकुड्यांचं कूळ गावापुढे म्हणावं, असं त्यांनी ठरवलं. माईक लावला. शाल-नारळ आणून ठेवला.

त्या दिवशी बुवांनी निरूपण लावलं ते अतिथीचं. देव दारी येतो तो पाहुणा होऊन, तहानेलं तोंड घेऊन. काय रंगलं होतं ते! बबनराव उपरण्यानं डोळे टिपत होते. मग फुलचंद उठला, कानावर हात ठेवला, आणि पिढ्या म्हणत म्हणत कान्होबापर्यंत पोचला:

"पैनगंगा वलांडली, थकले बैल चार,
कान्हूचं लेकरू रडे, पाण्याचा नाही थार.
मोहाखाली पिंजाऱ्याची धनुकली वाजे,
'उतरू का?' म्हणे कान्हू, मान घालून लाजे."

मागून डोमाजीचा आवाज आला. हा डोमाजी पोळ्याच्या झडत्या म्हणणारा, म्हणजे तोरणाखाली उभं राहून एकमेकांना टोमणे मारायची गाणी रचणारा. त्याच्या जिभेला हाड नाही.

"म्हंजे बबनभाऊ, गावचे मालक मालक म्हणता, अन् निंघाले पाव्हणे! मंग मुक्काम केवढाक दिवसाचा हाये?"

मांडव फुटला हसून. बायकांच्या बाजूला तर पदर तोंडात कोंबले. आणि पुढच्या रांगेत, विहिरीवर रोज भेटणाऱ्या विमलताईंच्या शेजारी बसलेली खातूनबी टाळी वाजवून म्हणाली, "मी तं कवाची म्हणून राह्यली, पाव्हणे!"

माईक जवळ होता. शब्द गावभर गेला.

तिचं चुकलं असेल तर एवढंच. ती हसली. सगळं गाव हसलं होतं, पण हसण्याची किंमत एकीकडूनच वसूल व्हायची होती. बबनराव पण हसले. भाटाला शाल घातली, नारळ दिला, उपरण्यानं पुन्हा डोळे पुसले. यावेळी मात्र डोळे कोरडे होते.

घरी गेल्यावर प्रेरणा म्हणाली, "बाबा, किती सुंदर आहे हे! कमानीवर हेच लिहू. 'उतरा, पाणी गोड आहे.' येणाऱ्या माणसाला वाचायला किती बरं वाटेल!"

"सातबारा कोनाच्या नावावर हाये?" बबनरावांनी विचारलं.

"आपल्या. पण त्याचा काय संबंध?"

"जेव," ते म्हणाले. "भाकर थंडी होऊन राह्यली."

त्या उन्हाळ्यात बीची तब्येत खालावली. पायावर सूज, दम लागायचा. तारिक मोटारसायकलवर येऊन औषधं देऊन जायचा. "दादी, मुकुटबनले चाल माझ्याकडं," म्हणायचा. ती म्हणायची, "अन् मेली तं?" तो म्हणायचा, "तिथं कबरस्तान हाये न, आता नवी भिंत बांधली." ती म्हणायची, "भिंत चांगली असन बाप्पा. पण तिथं मले कोन ओळखते?"

पोळा आला. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून घरोघर त्यांना निमंत्रण देतात, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." त्या दिवशी बैल पाहुणा, त्याला जुंपायचं नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही. हरण्याची शिंगं हिंगुळानं रंगवलेली, अंगावर झूल. वाजंत्री, पोरंसोरं, डोमाजी माईक घेऊन पुढं. हरण्या बीच्या दारात आला आणि थांबला.

बी ओट्यावर बसली होती. तांब्या भरून ठेवला होता, डोक्यावरचा पदर सारखा केला होता. ती वाट पाहात राहिली.

बबनरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. वाजंत्री थांबली. मग ते हसून म्हणाले, "बी, इतके वर्स आम्ही इचारलं. औंदा तुम्ही इचारा."

बीला गंमत वाटली. "मी काय इचारू पाव्हणे?"

"उतरू का, म्हणून. ज्याले उतराचं हाये त्यानं इचाराव. आम्ही तं उतरलेलेच हावो. तुम्हाले कुठं उतराचं हाये ते तुम्हाले ठावं." आणि त्यांनी मान वळवून मोहाकडे पाहिलं.

लोक हसले. आधी खरंच हसले. डोमाजी माईकमध्ये म्हणाला, "इचार वं बी, लाजतं कायले? कान्होबाबी लाजलाच होता!"

"बाबा," प्रेरणा गर्दीतून म्हणाली, "बाबा, नका."

बीला तेव्हा उमजलं. ती भिंतीला धरून उभी राहिली. मोहाखाली सकाळीच झाडलेली जागा दारातून दिसत होती. तिनं तिकडे पाहिलं, मग बबनरावांच्या पायांकडे पाहिलं. जन्मभर तोंडात बसलेला तो एक शब्द तिनं गिळला.

"मालक, उतरू का?"

आता कुणी हसत नव्हतं.

बबनरावांनी फेटा नीट केला. "पाहून सांगतो," ते म्हणाले.

आणि कासरा ओढला. पण हरण्या हलेना. त्याला त्याचा शब्द मिळाला नव्हता. बबनरावांनी दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं, मग म्हातारीकडे वळून म्हणाले, "म्हणा न आता. बैल खोळंबला. तोरण वाट पाहून राह्यलं."

खातूनबीनं तांब्या उचलला. निम्मं पाणी ओट्यावरच सांडलं. उरलेलं तिनं बैलाच्या खुरांवर घातलं.

"उतर रे बापा," ती बैलाला म्हणाली. "उतरा. पाणी गोड हाये."

हरण्या चालू लागला.

त्या दिवसापासून ती 'पाहून सांगतो'ची वाट पाहू लागली. हे गावाला करमणुकीसारखं झालं. विहिरीवरून कुणी गेलं की ओट्यावरून विचारणार, "बबनरावचा काही निरोप हाये का?" पोरं मुद्दाम दारावरून जाताना ओरडायची, "बी, उतरू का?" आणि पळायची. पहिल्या पहिल्यांदा तिनं 'उतरा' म्हटलं. मग गप्प बसू लागली. चांगले चांगले लोक, एकादशी करणारे, म्हणायचे, "देईन न तो. मनाचा मोठा माणूस हाये. तिचाबी तोंडाचा पट्टाच होता जरा." विमलताई तेवढ्या संध्याकाळी भाजीभाकरी घेऊन जायच्या. त्यांनीही बबनरावांना काही म्हटलं नाही. त्यांचा मुलगा बबनरावांच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला होता.

एकदा बी स्वतः गेली. काठी टेकत, सुजल्या पायांनी, उरकुड्यांच्या दारी. बबनरावांनी पायरीवर बसवलं, चहा दिला, बशीत बिस्किट ठेवलं, तब्येतीची चौकशी केली.

"अन् ते... त्याचं काय ठरलं?"

"पाहून राह्यलो न बी. घाई कायची हाये? तुम्हाले काय आजच जायाचं हाये?"

घरात आतल्या खोलीत मेहबूबभाईंनी बबनरावांच्या लग्नात भरलेली गादी होती. त्यावरच ते झोपायचे. बीनं पायरीवरून आत डोकावून ती पाहिली. "कापूस बसला नाही अजून," एवढंच म्हणाली, आणि उठली.

मोहाभोवती तारेचं कुंपण पडलं. कान्होबाच्या समाधीचं काम तिथंच धरलं. बांधाला लागून दुसरी जागा नव्हती का? पुष्कळ होती. कबरींना हात लावला नाही, तेवढं बबनरावांनी पाहिलं. लोक नावं ठेवतात. फक्त मेहबूबभाईच्या उजव्या हाताला जी जागा होती, तिथं विटा रचल्या. बीला झाडायला आत जाता येईना. ती तारेबाहेर उभी राहून हातातला झाडू तसाच धरून परत यायची.

कापसाची पहिली वेचणी सुरू होती तेव्हा ती गेली. शेवटच्या दिवशी तारिक उशाशी होता. तिनं विचारलं, "निरोप आला का?" तो 'हो' म्हणू शकला असता. खोटं बोलणं त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण तो खरा पोरगा, त्याच्यानं झालं नाही. म्हणाला, "निरोप येईन दादी." तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तारिक तसाच उरकुड्यांकडे गेला. "काका, आता तरी हो म्हणा. कागद नको, काही नको. फक्त हो म्हणा. मी विटा उचलून ठेवतो, परत रचून देतो."

बबनराव हळहळले. खरंच हळहळले. "फार चांगली बाई गेली," म्हणाले. "पण तिथं आता समाधीचा संकल्प झाला बेटा. भटजीनं पूजा सांगतली. देवाच्या कामात मी कसा आडवा येऊ? असं कर, माझा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन जा. मुकुटबनले आरामशीर नेजो. डिझेल भरून ठेवलं हाये."

प्रेरणाचा नागपूरहून फोन आला. "बाबा, हो म्हणा. मी पाया पडते."

"मेलेल्या माणसाले काय समजते कुठं पुरलं ते?"

"नसेल समजत, तर तुम्ही कान्होबाची समाधी कुणासाठी बांधून राह्यले?"

बबनरावांनी फोन ठेवला. प्रेरणाही त्या दिवशी आली नाही. शिकवणं होतं, परीक्षा होत्या. जिनं मुळं खणली ती मुळं उन्हात टाकून शहरात राहिली. ती पोरगी वाईट नव्हे. पण आख्यानात जे झालं ते सांगावं लागतं.

तर खातूनबी उरकुड्यांच्याच ट्रॉलीतून गाव सोडून गेली. खाली कडबा अंथरला होता. मोहाजवळून ट्रॉली गेली तेव्हा तारिकनं ट्रॅक्टर हळू केला, थांबवला नाही. मुकुटबनच्या कबरस्तानात नव्या भिंतीजवळ जागा मिळाली. शेजारी अनोळखी माणसं.

पुढचा पोळा आला. कमान झाली होती: 'मूळपुरुष कान्होबा उरकुडे यांनी वसवलेले गाव.' समाधीवर संगमरवर चढला होता. आदल्या दिवशी हरण्याच्या खांद्याला तूप-हळद लावून बबनराव स्वतः म्हणाले होते, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." वरात निघाली. यंदा विहिरीकडे वळायचंच नाही असं ठरलं होतं. पण हरण्यानं वळण घेतलं. मागे ओढलं तरी घेतलं. खातूनबीच्या दारात जाऊन तो उभा राहिला.

दाराला तारिकचं कुलूप होतं. ओट्यावर धूळ.

बबनराव म्हणाले, "चाल." बैल उभा. "चाल लेका." बैल दाराकडे पाहात उभा. सगळं गाव बघत होतं. डोमाजीच्या हातात माईक होता. त्यानं तो हळूच बंद केला. बबनरावांनी इकडे तिकडे पाहिलं, बैलाच्या कानाशी वाकले, आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "उतरा."

हरण्यानं कान हलवला. आवाज तो नव्हता. तो हलला नाही.

तेव्हा बबनरावांनी सालदाराच्या हातातली पराणी घेतली. टोकाला खिळा ठोकलेली काठी ती. पोळ्याच्या दिवशी ती खरं तर घरातून बाहेरही काढत नाहीत. एकदा टोचली. पुन्हा टोचली. ज्या खांद्याला काल तूप चोळलं होतं तिथून रक्ताचा ओघळ झुलीखाली गेला. बायकांनी तोंडं फिरवली. चौथ्या की पाचव्या टोचणीला हरण्यानं आपली मान खाली घातली आणि चालू लागला. तोरण त्यानंच तोडलं. मान उरकुड्यांचाच राहिला. 'हर हर महादेव' झालं, जरा कमी आवाजात झालं, पण झालं. त्या रात्री सगळ्यांनी पुरणपोळी खाल्ली. बबनराव आजही सप्ताहाला पुढच्या रांगेत बसतात, आणि अतिथीचं निरूपण लागलं की डोळे पुसतात.

देवानं काही केलं का? विचारू नका. मी वाट पाहून राहिलो आहे, तुम्हीही पाहा.

आता प्रसादाची पानं मांडतील. उठण्याआधी माझं एक काम करा. कधी परक्या गावात पाय ठेवाल, कुणाच्या विहिरीचं, कुणाच्या नळाचं पाणी ओंजळीत घ्याल, तेव्हा पहिला घोट घ्यायच्या आधी धामणकुंडच्या खातूनबी पिंजारणीला आठवा. तिनं विचारलं होतं, आणि तिला कुणी उत्तर दिलं नाही. तुम्ही द्या. मोठ्यानं नको, मनातच म्हणा:

उतरा, बी. सावली तुमची.